दुकान किंवा कारखाना नव्या जागेत हलवताना: आधी कागद, मग टेम्पो

बेळगावच्या गणपत गल्ली, खडेबाजार, रविवार पेठ या भागांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली दुकानं आहेत. धंदा वाढतो, पण गल्ली वाढत नाही. माल उतरवायला जागा नसते, ग्राहकाला गाडी लावता येत नाही, मग कुणी टिळकवाडीकडे गाळा बघतो, कुणी उद्यमबाग, मच्छे किंवा होनग्याला शेड घेतो. काही जण बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यानं राज्याची हद्द ओलांडून चंदगड तालुक्यात शिनोळी, हलकर्णीचा विचार करतात. निपाणीकडचे लोक तसाच कागलचा करतात.

जागा बदलताना बहुतेकांचं लक्ष भाडं, डिपॉझिट, फर्निचर आणि मुहूर्त या चार गोष्टींवर असतं. खरी अडचण येते ती पत्त्यामुळं. एका साध्या दुकानाचा पत्ता जीएसटी, ट्रेड लायसन्स, शॉप ॲक्ट, बँक, विमा, वीज मीटर, बिलबुक आणि मालाच्या पाकिटावर अशा किमान आठ ठिकाणी लिहिलेला असतो. यातला एक जरी जुना राहिला तरी वाटेत गाडी अडू शकते, विम्याचा दावा फेटाळला जाऊ शकतो किंवा खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट अडकू शकतं.

सीमाभागात यात आणखी एक गोष्ट येते. राज्याच्या आत जागा बदलली तर ती नोंदीतली दुरुस्ती असते. हद्द ओलांडली, मग अंतर अगदी थोडं का असेना, की कायद्याच्या नजरेत एक धंदा बंद करून दुसरा सुरू केल्यासारखंच होतं. हा फरक जागा पक्की करण्याआधी समजून घेतला पाहिजे.

जुनी जागा सोडताना

सर्वात आधी जुना भाडेकरार काढून वाचावा. नोटीस किती महिन्यांची, डिपॉझिट कधी परत, रंगरंगोटी आणि दुरुस्ती कुणाकडं, हे त्यात असतं. करारात नोटिशीबद्दल काही लिहिलेलं नसेल आणि भाडं महिन्याचं असेल, तर मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम १०६ प्रमाणे साधारणपणे १५ दिवसांची नोटीस पुरते. पण जागा कारखान्यासाठी, म्हणजे उत्पादनासाठी घेतलेली असेल तर हेच कलम सहा महिन्यांची नोटीस सांगतं. दुकानदार आणि कारखानदार यांच्यातला हा फरक अनेकांच्या लक्षात येत नाही आणि नंतर डिपॉझिटवरून वाद होतो.

तोंडी सांगणं पुरेसं नाही. मालकाशी कितीही घरोबा असला तरी नोटीस लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. चावी परत देताना वीज मीटरचं रीडिंग, पाणीपट्टी आणि जागेची स्थिती लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. मोबाईलवर चार फोटो काढून ठेवले तर आणखी बरं.

एक मात्र करू नये. नवी जागा तयार व्हायच्या आत जुन्या जागेची शेवटची तारीख देऊन मोकळं होऊ नये. दोन्ही जागा किमान एक महिना हातात असाव्यात. दोन भाडी भरणं जिवावर येतं. पण समजा जुनं भाडं १५ हजार आणि नवं ४० हजार असेल, तर तो एक महिना म्हणजे १५ हजारांचा जादा खर्च आहे. मीटर मिळाला नाही म्हणून दुकान आठ दिवस बंद राहिलं तर त्याहून जास्त तोटा होतो, आणि ग्राहक दुसरीकडं वळतो तो वेगळाच.

नवी जागा: भाड्यापलीकडचा हिशेब

नवी जागा घेताना मालकाकडून तीन कागद मागावेत: महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा खाता उतारा, चालू वर्षाचा घरफाळा भरल्याची पावती आणि वीज बिल. हेच कागद पुढं जीएसटीला आणि इतर परवान्यांना जोडावे लागतात. मालक कागद द्यायला टाळाटाळ करत असेल तर तिथंच थांबावं. जागा निवासी म्हणून नोंदलेली आहे की व्यावसायिक, हेही त्याच उताऱ्यात कळतं.

भाडेकराराची नोंदणी हा दुसरा मुद्दा. नोंदणी कायदा, १९०८ प्रमाणे एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो. म्हणून ११ महिन्यांच्या कराराची पद्धत पडली. पण ज्या जागेत चार-पाच लाखांचं फर्निचर बसवायचं आहे, तिथं ११ महिन्यांचा करार घेणं धोक्याचं. वर्षभरात मालकानं भाडं दुप्पट मागितलं तर हातात काहीच राहत नाही. किमान तीन ते पाच वर्षांचा नोंदणीकृत करार, दरवर्षीची भाडेवाढ किती टक्के ते त्यातच लिहिलेलं, असं असावं. महाराष्ट्रात जागा घेणार असाल तर तिथं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार ११ महिन्यांचा करारसुद्धा लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. नोंदणीची जबाबदारी तिथं जागामालकावर आहे.

भाड्यावरचा जीएसटी हा तिसरा मुद्दा. व्यावसायिक जागेच्या भाड्यावर १८ टक्के जीएसटी आहे. मालक जीएसटीत नोंदलेला असेल तर तो बिलात लावतो. मालक नोंदलेला नसेल आणि भाडेकरू व्यापारी नोंदलेला असेल, तर १० ऑक्टोबर २०२४ पासून हा कर भाडेकरूनं स्वतः भरायचा आहे. यालाच रिव्हर्स चार्ज म्हणतात. ४० हजार भाड्यावर तो महिना ७,२०० रुपये होतो. ही रक्कम रोखीच्या खात्यातून भरावी लागते, जमा क्रेडिटमधून वळती करता येत नाही. भरल्यावर तिचं क्रेडिट मिळतं, त्यामुळे नियमित करदात्याला तो कायमचा खर्च नाही. पण दर महिन्याला तेवढे पैसे हातात हवेत. कंपोझिशनमधल्या व्यापाऱ्यांना १६ जानेवारी २०२५ पासून या रिव्हर्स चार्जमधून वगळलं आहे. मात्र मालकच नोंदलेला असेल तर त्यानं लावलेला १८ टक्के कर कंपोझिशनवाल्याला क्रेडिट नसल्यानं खिशातूनच जातो. भाडं ठरवताना ‘जीएसटी धरून की वेगळा’ हे स्पष्ट विचारावं.

भाडं महिन्याला ५० हजारांच्या वर जात असेल तर टीडीएसही बघावा लागतो. कंपनी, भागीदारी पेढी किंवा ऑडिटच्या मर्यादेपलीकडं उलाढाल असलेला व्यापारी इमारतीच्या भाड्यावर १० टक्के कापतो. ऑडिट लागू नसलेल्या व्यक्तीलाही ५० हजारांवरच्या मासिक भाड्यावर २ टक्के कापावे लागतात.

चौथा मुद्दा विजेचा. कर्नाटकात बेळगाव भागात हेस्कॉम, पलीकडं महावितरण. जुन्या भाडेकरूची थकबाकी आहे का, मंजूर भार किती, थ्री-फेज आहे का आणि मीटर घरगुती, व्यावसायिक की औद्योगिक, हे जागा बघायला गेलं त्याच दिवशी विचारावं. भार वाढवायचा असेल तर अर्ज, डिपॉझिट, तपासणी यात दिवस जातात. लेथ, कटिंग मशीन किंवा शीतगृह चालवणाऱ्यांनी वीज जोडल्याशिवाय हलवण्याची तारीख ठरवूच नये.

राज्याच्या आत हलताना जीएसटी

बेळगावातून मच्छे, निपाणीतून चिकोडी, किंवा एकाच शहरात एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जाताना जीएसटी नंबर तोच राहतो. फक्त नोंदीत बदल करायचा. धंद्याचं मुख्य ठिकाण बदललं की १५ दिवसांच्या आत आरईजी-१४ या नमुन्यात ऑनलाइन अर्ज करायचा असतो. सोबत नव्या जागेचा भाडेकरार आणि मालकाचा मालकी पुरावा लागतो. अधिकाऱ्यानं १५ कामाच्या दिवसांत निर्णय द्यायचा असतो. त्याला काही शंका असेल तर नोटीस येते आणि तिचं उत्तर ७ कामाच्या दिवसांत द्यावं लागतं. नोटीस पोर्टलवर आणि ईमेलवर येते. जागा हलवण्याच्या धांदलीत ती बघायची राहते आणि अर्ज नामंजूर होतो. म्हणून त्या काळात रोज एकदा पोर्टल उघडून बघावं.

इथं एक सोपी आणि कायदेशीर वाट आहे. नव्या जागेचा करार झाला की लगेच ती ‘जादा ठिकाण’ म्हणून त्याच नंबरात जोडून घ्यावी. मग दोन्ही जागा नोंदीत असतात आणि माल तीन-चार टप्प्यांत निवांत हलवता येतो. सगळं स्थिरावलं की नवी जागा ‘मुख्य ठिकाण’ करावी आणि जुनी काढून टाकावी. अर्ज दोनदा करावा लागतो, पण नोंद नसलेल्या गोदामात माल सापडण्याचा धोका टळतो.

नव्या जागेत पाऊल ठेवलं की आणखी दोन गोष्टी. नोंदणी प्रमाणपत्र दर्शनी भागात लावणं आणि प्रवेशाजवळच्या बोर्डवर जीएसटी नंबर लिहिणं बंधनकारक आहे. आणि बिलावर पत्ता असावाच लागतो. जुनी बिलबुकं शंभरभर उरली म्हणून तीच वापरत राहू नये. संगणकावर बिल करणाऱ्यांनी सॉफ्टवेअरमधला पत्ता त्याच दिवशी बदलावा.

माल हलवताना चलन आणि ई-वे बिल

स्वतःचाच माल स्वतःच्याच दुसऱ्या जागेत नेतोय, मग कागद कशाला, असं अनेकांना वाटतं. पण ई-वे बिल फक्त विक्रीसाठी नसतं. विक्रीशिवाय अन्य कारणानं माल हलवला तरी ते लागतं. कर्नाटकात ५० हजारांपेक्षा जास्त किमतीच्या मालाला ते लागू होतं. महाराष्ट्रात राज्याच्या आतल्या वाहतुकीसाठी ही मर्यादा १ लाख आहे. राज्याबाहेर जाताना मात्र दोन्हीकडं ५० हजारच.

एकाच नंबराखाली माल हलवत असाल तर कराचं बिल करायचं नाही. डिलिव्हरी चलन करायचं, त्याला क्रमांक द्यायचा, मालाचं वर्णन, नग आणि किंमत लिहायची, तीन प्रती काढायच्या आणि त्यावर ई-वे बिल. जुनी यंत्रं, रॅक, फ्रीज यांनाही हे लागू आहे. घरसामानाला मिळणारी सूट दुकानाच्या सामानाला मिळत नाही.

प्रत्येक फेरीचं चलन वेगळं असावं. आणि गाडी निघण्याआधी माल मोजलेला असावा. जागा बदलताना माल हरवतो, फुटतो, कधी हमालाच्या हातून दुसऱ्याच दुकानात उतरतो. जुन्या जागेत एकदा मोजणी, खोक्यावर क्रमांक, त्या क्रमांकाची यादी वहीत, आणि नव्या जागेत उतरवून घेताना त्याच यादीवर टिकमार्क. एवढं केलं तर वर्षअखेरीला स्टॉक जुळतो. बुडालेल्या किंवा मोडलेल्या मालाचं क्रेडिट परत करावं लागतं, त्यामुळे ही यादी सीएलाही लागते.

हद्द ओलांडली की सगळं वेगळं

आता शिनोळीचा किंवा कागलचा विचार करणाऱ्यांसाठी. जीएसटी नोंदणी राज्यागणिक असते. नंबराचे पहिले दोन आकडेच राज्य सांगतात: कर्नाटक २९, महाराष्ट्र २७, गोवा ३०. बेळगावचा २९ नंबर शिनोळीत चालत नाही. तिथं त्याच पॅनवर नवा २७ नंबर घ्यावा लागतो. अर्ज साधारण ७ कामाच्या दिवसांत निकाली निघतो, पण जागेची प्रत्यक्ष तपासणी निघाली तर ३० दिवसही लागू शकतात. हा वेळ हिशेबात धरावा.

मोठा प्रश्न असतो जुन्या नंबरावरच्या मालाचा आणि क्रेडिटचा. एकाच मालकाच्या दोन राज्यांतल्या दोन नोंदण्या कायद्यानं ‘वेगळ्या व्यक्ती’ मानल्या जातात. त्यामुळे बेळगावचा माल शिनोळीला पाठवणं ही विक्रीच धरली जाते, पैसे घेतले नाहीत तरी. चलन पुरत नाही. २९ नंबरवरून २७ नंबरच्या नावानं कराचं बिल करून आयजीएसटी लावावा लागतो.

ऐकायला हे भुर्दंडासारखं वाटतं, पण नीट केलं तर यातच सोय आहे. समजा जुन्या नंबरावर १२ लाखांचा माल आहे, त्यावर १८ टक्के कर आहे आणि क्रेडिट खात्यात २ लाख १६ हजार पडून आहेत. १२ लाखांचं बिल केलं की आयजीएसटी २ लाख १६ हजार होतो. तो जुन्या क्रेडिटमधूनच वळता होतो आणि नव्या नंबराला तेवढंच क्रेडिट मिळतं. रोख द्यावं लागत नाही. नवा नंबर पूर्ण क्रेडिट घेऊ शकत असेल तर बिलात लिहिलेली किंमत हीच बाजारभावाची मानली जाते, त्यामुळे किमतीवरूनही वाद होत नाही.

उलट क्रम केला तर फसतं. आधी २९ नंबर रद्द केला आणि माल जुन्या जागेतच राहिला, तर त्या मालावर आणि यंत्रांवर घेतलेलं क्रेडिट किंवा त्यावरचा कर, जे जास्त असेल ते, भरावं लागतं. शिवाय नव्या नंबराला त्याचं क्रेडिट मिळत नाही. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी नवा नंबर, मग बिल करून माल हलवणं, मग जुन्या खात्यातलं क्रेडिट संपलं का ते बघणं, आणि शेवटी जुना नंबर रद्द करण्याचा अर्ज. धंदा बंद झाल्यापासून ३० दिवसांत आरईजी-१६ नमुन्यात हा अर्ज करायचा असतो. नंबर रद्द झाल्यावर तीन महिन्यांच्या आत जीएसटीआर-१० हे शेवटचं विवरण भरायचं असतं. ते भरायचं राहिल्यामुळं नंतर नोटिसा येतात.

पुरवठादारांना नवा नंबर लेखी कळवणंही तितकंच गरजेचं. त्यांनी जुन्याच नंबरावर बिल केलं तर ते क्रेडिट जुन्या खात्यात जातं आणि नव्या धंद्याला उपयोगी पडत नाही.

छोट्या व्यापाऱ्यांसाठी दोन इशारे. पहिला: मालाच्या धंद्याला दोन्ही राज्यांत ४० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. पण शिनोळीतून बेळगावच्या ग्राहकाला माल विकला की ती आंतरराज्य विक्री होते आणि उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी घ्यावी लागते. जागा हद्दीपलीकडं नेली, ग्राहक मात्र बेळगावचेच राहिले, तर हे लगेच लागू होतं. दुसरा: कंपोझिशन योजनेत असलेल्यांना राज्याबाहेर माल विकता येत नाही. नव्या नंबराकडं स्टॉक पाठवणंसुद्धा आंतरराज्य पुरवठा ठरतं. अशांनी हलण्याआधी योजनेतून बाहेर पडावं लागेल का, हे कर सल्लागाराला विचारूनच पुढं जावं.

गाडीचा परवाना

हद्दीपलीकडं माल नेताना ठरवलेल्या गाडीचा परवाना बघावा. मोटार वाहन कायद्यानुसार एकूण वजन ३,००० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, त्यामुळे छोटा हत्ती चालून जातो. मोठा टेम्पो किंवा ट्रक असेल तर नॅशनल परमिट आहे का ते विचारावं. फक्त कर्नाटकचं परमिट असलेला ट्रक स्वस्तात ठरवला आणि हद्दीवर अडकला, तर आतल्या मालाचाही खोळंबा होतो.

इतर परवाने: कोणते बदलतात, कोणते नव्यानं

ट्रेड लायसन्स हे महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायत त्या जागेसाठी आणि त्या धंद्यासाठी देते. वॉर्ड बदलला तर नवी जागा दाखवून लायसन्स घ्यावं लागतं. महापालिकेतून ग्रामपंचायतीच्या हद्दीत गेलं तर कार्यालयच बदलतं. शॉप ॲक्टची नोंद कर्नाटकात १९६१ च्या दुकाने व व्यापारी आस्थापना कायद्याखाली कामगार खात्याकडं असते, तिचं काम ई-कार्मिक पोर्टलवर होतं. महाराष्ट्रात २०१७ चा वेगळा कायदा आहे, ज्याला लोक अजून गुमास्ताच म्हणतात.

काही परवाने जागेलाच चिकटलेले असतात. औषध दुकानाचं लायसन्स त्यातलं पहिलं. जागा बदलली की नवं लायसन्स लागतं, आणि ते हातात येईपर्यंत नव्या जागेत एक गोळीही विकता येत नाही. किरकोळ औषध दुकानाला किमान १० चौरस मीटर जागा लागते. किरकोळ आणि घाऊक एकत्र असेल तर १५. खाद्यपदार्थांच्या अन्नसुरक्षा परवान्याचंही तसंच, प्रत्येक जागेला वेगळा. प्रदूषण मंडळाची संमती आणि कारखान्याचा परवानाही जागेनुसारच मिळतात. हद्द ओलांडली तर मंडळही बदलतं.

पॅकबंद माल विकणाऱ्यांनी छापलेल्या पिशव्यांचा साठा बघावा. पाकिटावर उत्पादकाचं नाव आणि पत्ता असणं वजनमाप नियमांनुसार सक्तीचं आहे. पापड, मसाले, लोणची, कुंदा यांच्या हजारो छापील पिशव्या जुन्या पत्त्याच्या असतील तर हलण्याच्या दोन महिने आधीपासून छपाई थांबवावी. जमिनीत बसवलेला मोठा वजनकाटा उखडून दुसरीकडं बसवला तर जुना शिक्का चालत नाही, पुन्हा तपासणी करून घ्यावी लागते.

उद्यम नोंदणीतला पत्ता ऑनलाइन बदलता येतो. भविष्यनिर्वाह निधी आणि ईएसआय यांनाही नवा पत्ता कळवावा. व्यवसाय कर दोन्ही राज्यांत आहे, पण कायदा आणि दर वेगळे. पलीकडं गेलं की तिथली नोंदणी वेगळी.

बँक आणि विमा

कॅश क्रेडिट असलेल्या दुकानातला माल बँकेकडं तारण असतो. तो बँकेला न विचारता दुसऱ्या जागी नेणं हा कराराचा भंग ठरू शकतो. शाखा व्यवस्थापकाला लेखी पत्र द्यावं, नव्या जागेची पाहणी करून घ्यावी आणि पुढच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये नवा पत्ता टाकावा.

आग आणि चोरीचा विमा पॉलिसीत लिहिलेल्या पत्त्यापुरताच असतो. हलवण्याच्या त्या आठवड्यात अर्धा माल जुन्या जागेत, अर्धा नव्या जागेत आणि थोडा टेम्पोत असतो. याच दिवसांत काही झालं तर नव्या पत्त्यावरच्या मालाला भरपाई मिळत नाही. विमा कंपनीकडून आधीच दोन्ही पत्ते पॉलिसीत घालून घ्यावेत आणि वाटेतल्या मालासाठी वेगळं संरक्षण घ्यावं. नव्या पत्त्याची नोंद लेखी हातात आल्यावरच पहिली गाडी भरावी.

फलक, ग्राहक आणि कामगार

बोर्ड नव्यानं करताना भाषेचा नियम बघूनच करावा. कर्नाटकात २०२४ च्या दुरुस्तीनंतर व्यापारी फलकावर ६० टक्के कन्नड असणं बंधनकारक आहे. महाराष्ट्रात २०२२ च्या दुरुस्तीनंतर देवनागरी मराठी नाव आधी आणि इतर भाषांपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत हवं. हद्द ओलांडणाऱ्याला जुना बोर्ड उचलून तसाच लावता येत नाही.

ग्राहकाला एकदा सांगून भागत नाही. महिनाभर आधीपासून प्रत्येक बिलावर नव्या पत्त्याचा शिक्का मारावा. जुन्या जागेवर निदान तीन महिने बोर्ड राहील, असं मालकाकडून करारात किंवा पत्रात लिहून घ्यावं. गुगल मॅपवरची जागा बदलावी. बेळगावच्या बाजारात खानापूर, चंदगड आणि गोव्याकडून येणारा ग्राहक दुकान ओळखतो ते नावापेक्षा खुणेवरून: अमक्या देवळासमोर, तमक्या हॉटेलशेजारी. नव्या जागेचीही अशी एक खूण ठरवून तीच सगळीकडं सांगावी. उधारीवाल्यांना मात्र स्वतः भेटावं. दुकान हललं हे उधारी लांबवायचं सोपं निमित्त होतं.

कामगारांना शेवटच्या आठवड्यात सांगू नये. बसचा मार्ग, येण्याजाण्याचा खर्च, सुटण्याची वेळ यावर त्यांचं येणं ठरतं. विशेषतः महिला कामगार शेवटची बस चुकेल अशा जागी फार दिवस टिकत नाहीत. कोण येणार आणि कोण नाही, हे दोन महिने आधी कळलं तर नवी माणसं शोधता येतात.

कधी हलावं

दसरा-दिवाळी आणि लग्नसराई हे कमाईचे दिवस, ते सोडावेत. आषाढात बाजार मंद असतो, पण बेळगावचा पाऊस मालाला सोसत नाही. पितृपक्षात अनेक जण नवं दुकान उघडत नाहीत, पण त्या पंधरवड्यात मोजणी, पॅकिंग, फर्निचर, वायरिंग उरकून घटस्थापनेला किंवा दसऱ्याला पूजा करता येते. हिशेबाच्या दृष्टीनं १ एप्रिल सोयीचा. ३१ मार्चला स्टॉक मोजावाच लागतो, तोच हलवण्याचाही आकडा होतो. पाडवाही त्याच सुमारास येतो. तारीख कोणतीही धरली तरी ती महिन्याच्या सुरुवातीला असावी, म्हणजे एकाच महिन्याच्या विवरणात दोन जागांची गुंतागुंत होत नाही.

थोडक्यात वेळापत्रक

- तीन ते सहा महिने आधी: जुना करार वाचून नोटिशीची मुदत बघणं. राज्याच्या आत की बाहेर, हे ठरवणं. नव्या जागेचा खाता उतारा, घरफाळा पावती आणि वीजभार तपासणं.
- दोन महिने आधी: भाडेकराराची नोंदणी, विजेचा अर्ज, जागेशी बांधलेल्या परवान्यांचे अर्ज. कामगारांशी बोलणं. छापील पिशव्या आणि बिलबुकं थांबवणं.
- एक महिना आधी: जीएसटीत जादा ठिकाण जोडणं किंवा दुसऱ्या राज्यातला नवा नंबर घेणं. बँकेला पत्र, विम्यात दोन्ही पत्ते. बिलांवर नव्या पत्त्याचा शिक्का.
- हलवण्याच्या आठवड्यात: मोजणी, खोक्यांवर क्रमांक, प्रत्येक फेरीला चलन किंवा बिल आणि ई-वे बिल.
- हलवल्यावर १५ दिवसांत: जीएसटीत मुख्य ठिकाण बदलणं, प्रमाणपत्र आणि नंबर दर्शनी भागात लावणं.
- हलवल्यावर ३० दिवसांत, हद्द ओलांडली असेल तर: जुना नंबर रद्द करण्याचा अर्ज. त्यानंतर तीन महिन्यांत शेवटचं विवरण.

हे सगळे कागद एकाच फाईलमध्ये, तारखेनुसार लावून ठेवावेत. वर्ष-दोन वर्षांनी नोटीस आली तर आपण कधी, काय आणि किती माल हलवला हे त्या फाईलवरूनच दाखवता येतं. तोवर टेम्पोवाल्याचा नंबर सापडत नाही आणि जुना मालकही फोन उचलेलच असं नाही.